अनामत जीव

ज्या भूमीवर बारमाही वाहणारी एकही नदी नाही आणि गोड्या पाण्याचे एकही नैसर्गिक तळे नाही, तेथे गोड्या पाण्यातला मासा घरात पाळणे धर्माला धरून आहे काय, हा प्रश्न वरवर पाहता लहान वाटतो. परंतु बंधन, अन्न, अज्ञान आणि उत्तरदायित्व यांविषयीचे जुने व अवघड प्रश्न त्याच्या पोटात दडलेले आहेत. कतार हा असाच देश आहे. तेथे वर्षभरात सरासरी ७५ ते ८० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आषाढातल्या एखाद्या दिवशी कोकणात जेवढा पडून जातो, साधारण तेवढाच. दोह्याच्या जुन्या वस्तीतील ‘मुशैरिब’ या भागाच्या नावाचा अर्थच ‘पाणी पिण्याची जागा’ असा आहे, आणि गोड्या पाण्याची एक जागा साऱ्या वस्तीला नाव देण्याइतकी मोलाची होती, ही गोष्ट त्या नावाने जपून ठेवली आहे. आज ‘कहरामा’ या सरकारी वीज व पाणी महामंडळामार्फत घरोघरी येणारे जवळजवळ सर्व पाणी आखाताच्या खाऱ्या पाण्यातून मीठ काढून बनवलेले असते. या प्रक्रियेला निःक्षारीकरण म्हणतात आणि कतारमध्ये तिचा आरंभ १९५० च्या दशकात झाला. नोकरीनिमित्त तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबातील मूल जेव्हा सूक वाकिफच्या पशुपक्ष्यांच्या बाजारात काचेपुढे उभे राहून ‘एंजल’ मासा मागते, तेव्हा त्या कुटुंबापुढे जो प्रश्न येतो, तो प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

प्रथम त्या जिवाची ओळख करून घेणे आवश्यक आहे, कारण ज्याच्याविषयी धर्माधर्माचा निर्णय करावयाचा, त्याचे स्वरूपच ठाऊक नसेल, तर तो निर्णय अनुमानावरच उभा राहतो. एंजल माशाचे शास्त्रीय नाव ‘टेरोफायलम स्केलारे’ असे आहे. ‘टेरोफायलम’ या ग्रीक धर्तीच्या शब्दाचा अर्थ ‘पंखधारी पान’ असा होतो आणि या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन १८२३ मध्ये प्रसिद्ध झाले. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यात, पुरात बुडालेल्या झाडांच्या मुळांमध्ये आणि पाणवनस्पतींच्या दाटीत हा मासा राहतो. त्याचे थाळीसारखे चपटे शरीर आणि अंगावरचे उभे काळे पट्टे त्या मुळांच्या सावल्यांत मिसळून जाण्यासाठीच घडलेले आहेत. पूर्ण वाढलेल्या माशाची लांबी सुमारे १५ सेंटिमीटर असते, तर वरच्या पराच्या टोकापासून खालच्या पराच्या टोकापर्यंतची उंची २० सेंटिमीटर किंवा त्याहूनही अधिक भरते, म्हणून त्याला लांबट टाकीपेक्षा उंच टाकीची गरज असते. विसाव्या शतकाच्या आरंभी तो युरोपात पोहोचला आणि आज बाजारात मिळणारे बहुतेक एंजल मासे पिढ्यानपिढ्या माणसाच्या टाक्यांतच जन्मलेले असतात, त्यामुळे ज्या नदीचा तो म्हटला जातो, ती नदी त्याने किंवा त्याच्या कित्येक पूर्वजांनी पाहिलेलीही नसते.

या प्रश्नावरचे सर्वांत कठोर आणि सर्वांत नेमके चिंतन जैन परंपरेत आढळते. गृहस्थाने पाळावयाच्या अहिंसेच्या व्रताला अणुव्रत, म्हणजे मुनींच्या महाव्रताच्या तुलनेत मर्यादित व्रत, असे म्हणतात, आणि ज्या कृत्यांमुळे व्रत मोडत नसले तरी डागाळते, त्यांना अतिचार म्हणतात. तत्त्वार्थसूत्राचे कर्ते उमास्वाती यांनी या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध म्हणजे बांधून अथवा कोंडून ठेवणे, वध म्हणजे मारहाण, छविच्छेद म्हणजे अवयव कापणे, अतिभारारोपण म्हणजे झेपणार नाही एवढे ओझे लादणे, आणि अन्नपाननिरोध म्हणजे खाण्यापिण्यापासून वंचित ठेवणे. या यादीत बंधाचा उल्लेख आल्यामुळे काचेच्या टाकीचा प्रश्न तेथेच मिटला, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु श्रावकांच्या, म्हणजे जैन गृहस्थांच्या, आचारधर्मावरील टीकाकारांनी बंधाचाही सूक्ष्म विचार केला असून, निरर्थक बंध आणि सकारण बंध, तसेच निरपेक्ष बंध आणि सापेक्ष बंध असे भेद त्यांनी केले आहेत. बांधलेल्या जिवाची पर्वा न करता आवळलेली गाठ म्हणजे निरपेक्ष बंध. गोठ्याला आग लागली तर जनावराचा दोर झटकन सोडता किंवा तोडता येईल, अशा बेताने दिलेली सैल गाठ म्हणजे सापेक्ष बंध. बांधणाऱ्याच्या मनात बांधलेल्याच्या संकटाचा विचार आधीपासून आहे की नाही, ही त्या भेदाची कसोटी आहे, आणि गोठ्याच्या दोराबाबत ठरलेली ही कसोटी मत्स्यालयाच्या काचेलाही तितकीच चपखल लागू पडते.

ज्या देशात हे मत्स्यालय ठेवले जाते, तेथील बहुसंख्यांच्या धर्मपरंपरेत या प्रश्नाची चर्चा पक्ष्यांच्या निमित्ताने झालेली आहे. प्रेषित मुहंमद यांच्या उक्तींच्या व आचरणाच्या परंपरेला हदीस म्हणतात. त्या परंपरेत अबू उमैर नावाच्या लहान मुलाचा उल्लेख येतो. त्याने नुघैर जातीचा एक छोटा पक्षी पाळला होता आणि प्रेषित त्या पक्ष्याची विचारपूस करून मुलाशी लडिवाळपणे बोलत असत. एवढ्याशा प्रसंगातून चौथ्या हिजरी शतकातील शाफिई पंथाचे न्यायशास्त्री इब्न अल-कास यांनी साठांहून अधिक निष्कर्ष काढून त्यावर स्वतंत्र ग्रंथ रचला, आणि अन्नपाण्याची काळजी घेतली तर पक्षी पिंजऱ्यात ठेवण्यास प्रत्यवाय नाही, हे मत पुढील शास्त्रकारांनी याच प्रसंगाच्या आधारे मांडले. याउलट हन्बली पंथाच्या काही ग्रंथकारांनी, केवळ गाणे ऐकण्यासाठी पक्षी कोंडणे ही गरज नसून ऐषआरामाची चैन आहे आणि कोंडणे हीच त्या पक्ष्याला पीडा आहे, असे सांगून या प्रथेबद्दल नापसंती व्यक्त केली. या दोन मतांच्या शेजारी आणखी एक हदीस ठेवावी लागते: एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवले, त्याला स्वतः खायला दिले नाही आणि भूमीवरचे किडूकमिडूक शोधून खाण्यासाठी मोकळेही सोडले नाही, म्हणून ती नरकाची धनी झाली. त्या स्त्रीचा अपराध नुसत्या कोंडण्याचा नव्हता आणि नुसत्या उपाशी ठेवण्याचाही नव्हता. जिवाची स्वतःची वाट बंद करून त्याच्यासाठी दुसरी वाट उघडली नाही, हा तो अपराध होता. बंध आणि अन्नपाननिरोध हे उमास्वातींच्या यादीतले दोन अतिचार येथे एकत्र आलेले दिसतात, आणि दोन दूरच्या परंपरांनी आपापल्या वाटेने एकाच दोषावर बोट ठेवावे, ही गोष्ट त्या दोषाचे गांभीर्य दाखवणारी आहे.

मासा हा मुका आणि थंड रक्ताचा जीव असल्यामुळे त्याला दुःख होत नाही, असे म्हणून या चर्चेतून सुटका करून घेता येत नाही. लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ट्राउट माशाच्या डोक्यात इजेची संवेदना ग्रहण करणारे चेतातंतू असल्याचे दाखवून दिले, आणि ओठांत दाहक द्रव्य टोचल्यावर ते मासे कितीतरी वेळ अन्नाला शिवले नाहीत, हेही नोंदवले. माशाचे दुःख त्याच्या अंतरंगात कसे असते, यावर वाद चालू आहे; परंतु त्याला इजा जाणवते आणि तिच्यामुळे त्याचे वागणे बदलते, एवढे धर्मविचाराला पुरेसे आहे.

मग त्याला मोकळे सोडणे हाच धर्म ठरत नाही काय? या ठिकाणी कतारचा भूगोल या प्रश्नाला निराळे वळण देतो. पिंजऱ्याचे दार उघडले तर पक्ष्याला आकाश असते. दोह्यातील एंजल माशाला मात्र टाकीबाहेर कोठेही जागा नाही. आखाताचे पाणी महासागरापेक्षाही खारट आहे, आणि गोड्या पाण्यातला मासा त्यात सोडला, तर त्याच्या शरीरातले पाणी बाहेरच्या मिठाकडे ओढले जाऊन तो पाण्यात असूनही तहानेने मरतो. महाराष्ट्रातही हा मार्ग निर्दोष नाही, कारण परक्या खंडातला मासा स्थानिक नदीत सोडणे म्हणजे तेथील जिवांवर नवे संकट लादणे होय. शोभेच्या माशांच्या व्यापारातून आलेला सकर मासा उजनीच्या जलाशयातील मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडू लागला, तेव्हा हे सर्वांना दिसले. माशांच्या अभयाची खरी मराठी परंपरा टाकीत नव्हे, तर डोहात जपलेली आहे. रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यात काळ नदीवरील वाळणकोंडात वरदायिनी देवीच्या श्रद्धेमुळे, आणि पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातील तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात शिवमंदिराच्या सान्निध्यामुळे, महसीर जातीचे मासे मारले जात नाहीत. तेथे मासा आपल्या पाण्यात राहतो आणि माणूस आपल्या हाताला आवर घालतो. पाळणे आणि राखणे यांतला हा भेद आहे, आणि राखणे हे श्रेष्ठ, हे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. परंतु जो मासा टाकीत जन्मला आणि ज्याला परतण्यासाठी डोहच उरला नाही, त्याच्याबाबतीत बंधन की मुक्ती हा प्रश्न सुटलेला नसून तो संपलेला आहे, आणि त्याच्या जागी बांधणाऱ्याने कसे वागावे हा प्रश्न उभा राहिला आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना शतपथ ब्राह्मणातील मनूच्या कथेकडे वळावे लागते. सकाळी हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यात मनूच्या हाती एक इवलासा मासा आला. लहान असेपर्यंत आमच्या जातीचा फार संहार होतो, कारण मासाच माशाला गिळतो, म्हणून माझे पालन कर, पुढे मी तुला तारीन, असे त्याने मनूला सांगितले. पुढच्या प्रलयाची आणि नौकेची कथा सर्वांना ठाऊक आहे. परंतु माशाने घातलेली अट सहसा लक्षात घेतली जात नाही. आधी मला घटात ठेव, घट पुरेनासा झाला की खड्डा खणून त्यात ठेव, आणि तोही पुरेनासा झाला की समुद्राकडे ने, अशी ती अट होती. म्हणजे माशाने पात्राच्या मापात वाढायचे नसून पात्राने माशाच्या मापाने वाढायचे, हा पालनाचा पहिला नियम त्या प्राचीन कथेतच सांगितला आहे. बाजारात एंजल मासा रुपयाच्या नाण्याएवढा असताना विकला जातो आणि काही महिन्यांतच तळहाताएवढा होतो. अशा दोन माशांच्या जोडीला किमान शंभर लिटर पाणी आणि सुमारे ४५ सेंटिमीटर उंचीची टाकी लागते, आणि तेवढी जागा मिळाली नाही, तर पर दुमडतात आणि वाढ खुंटते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात मावेल तेवढी टाकी आधी घेऊन मग तिच्यात मासा आणणारा माणूस मनूच्या कथेचा क्रम उलटा करीत असतो.

उमास्वातींनी हिंसेची जी व्याख्या केली आहे, तिच्यात प्रमाद या शब्दाला मध्यवर्ती स्थान आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, आणि बेसावधपणाने केलेला प्राणघात ही हिंसा होय, असा त्या व्याख्येचा आशय आहे. मत्स्यालयात घडणारी बहुतेक हिंसा नेमकी याच प्रकारची असते. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, परंतु हे जिवाणू नव्या टाकीच्या फिल्टरमध्ये पुरेशा संख्येने वसण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत असूनही विषारी असू शकते. मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतो, त्याचे कल्ले लालसर होतात, आणि घरातल्यांना तो खेळत असल्यासारखा वाटतो. कतारमध्ये या धोक्यात आणखी भर पडते, कारण निःक्षारीकरणानंतर नळांच्या आणि माणसांच्या हितासाठी पाण्यात पुन्हा खनिजे मिसळली जात असल्यामुळे ते किंचित अल्कधर्मी असते, आणि पाणी जितके अल्कधर्मी व उष्ण, तितका अमोनियाचा विषारी अंश वाढतो. जुलैमध्ये छतावरच्या टाकीतून नळाला येणारे पाणी हाताला चटका देईल इतके तापलेले असते. ते बादलीत काढून, अँटी-क्लोरीनचे थेंब घालून, एसीच्या खोलीत निवू दिल्याशिवाय २६ ते २८ अंशांच्या टाकीत ओतले, तर ओतणाऱ्याचा हेतू शुद्ध असला, तरी परिणाम मात्र घाताचाच होतो. येथे ज्ञान मिळवणे हाच आचारधर्म बनतो, आणि ठाऊक नव्हते ही सबब, ठाऊक करून घेणे सहज शक्य असताना, दोषातून मुक्त करीत नाही.

अन्नाचा प्रश्न याहून अवघड आहे. एंजल मासा प्रामुख्याने लहान किडे, अळ्या आणि छोटे जलचर खाणारा असून निऑन टेट्रासारखे बारके मासेही तो गिळतो. मत्स्यन्याय, म्हणजे मोठ्याने लहानाला गिळण्याचा न्याय, हा शब्द ‘अर्थशास्त्र’ या ग्रंथापासून राजनीतीत रूढ झाला असला, तरी त्याचा मूळ प्रत्यय या टाकीतच येतो. शाकाहारी मराठी घरात लाल अळ्यांचे गोठवलेले तुकडे फ्रीजमध्ये ठेवण्याची वेळ येते, तेव्हा पाळलेल्या जिवाचा धर्म मोठा की पाळणाऱ्याचा, असा पेच पडतो. स्वतःचे व्रत दुसऱ्या जिवाच्या पोटावर लादणे हा अन्नपाननिरोधाचाच एक प्रकार ठरतो, म्हणून ज्याला माशाचे नैसर्गिक अन्न देणे मनापासून मान्य नाही, त्याने तो मासा न आणणे हेच व्रताशी आणि माशाशी प्रामाणिक राहणे होय.

प्रजननाच्या वेळी हा विचार आणखी खोल जातो. एंजल माशांची जोडी जमली की दोघे मिळून रुंद पान किंवा टाकीत उभी ठेवलेली दगडी पाटी तोंडाने घासूनपुसून स्वच्छ करतात. मग मादी खालून वर जात मोत्यांसारख्या अंड्यांच्या ओळी त्यावर चिकटवते आणि नर तिच्या पाठोपाठ त्या फलित करतो. पुढचे सुमारे अडीच दिवस दोघे आळीपाळीने छातीजवळच्या परांनी अंड्यांना वारा घालतात आणि पांढरी पडलेली, म्हणजे नासलेली, अंडी अलगद वेचून काढतात. इतक्या काळजीने राखलेली अंडी हीच जोडी, विशेषतः पहिल्या काही विणींत, एखाद्या सकाळी खाऊन टाकते. हे पाहून हळहळलेला पालक पुढच्या वेळी अंडी वेगळ्या टाकीत काढून शेकडो पिल्ले वाचवतो, आणि या शेकडोंना कोठे ठेवायचे, या प्रश्नापाशी येऊन थांबतो. करुणेने उचललेले पाऊल परिग्रहात, म्हणजे न पेलणाऱ्या संग्रहात, संपते. येथे हात आवरणे हीदेखील करुणाच असते, आणि वाळणकोंडाच्या काठावरचे गावकरी पिढ्यानपिढ्या जो संयम पाळत आले, तोच या टाकीपुढे नव्याने शिकावा लागतो.

आता पाण्याकडे वळावे. संतांच्या मराठीत ‘जीवन’ या शब्दाचे जगणे आणि पाणी असे दोन्ही अर्थ होते, आणि कतारमध्ये ते दोन अर्थ पुन्हा एकत्र येतात, कारण तेथील पाण्याचा जवळजवळ प्रत्येक थेंब इंधन जाळून समुद्रापासून वेगळा केलेला असतो. शंभर लिटरच्या टाकीतले चतुर्थांश पाणी दर आठवड्याला बदलले, तर वर्षाला १३०० लिटर पाणी लागते. इस्लामी नीतिविचारात अपव्ययाला ‘इस्राफ’ म्हणतात, आणि नमाजापूर्वी हातपाय धुताना, वाहत्या नदीच्या काठी असतानाही, पाणी वाया घालवू नये, अशी शिकवण त्या परंपरेत सांगितली जाते. टाकीतून काढलेले पाणी मोरीत न ओतता गॅलरीतल्या तुळशीला घातले, तर त्यातले नायट्रेट तिला खत म्हणून लाभते, आणि एकाच बादलीत इस्राफ टाळण्याचा नियम आणि तुळशीला पाणी घालण्याचा नित्यनेम हे दोन्ही पाळले जातात.

या सर्व विचाराला एकत्र बांधणारा शब्द मराठीतच उपलब्ध आहे. वाचनालयात भरलेली अनामत रक्कम, भाड्याच्या घरासाठी दिलेली अनामत, हे प्रयोग सर्वांच्या परिचयाचे आहेत. हा शब्द अरबी ‘अमानत’ या शब्दापासून आला असून, मराठीत येताना त्यातील अक्षरांची अदलाबदल झाली, जिला व्याकरणात वर्णविपर्यय म्हणतात. अमानत म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव. कुराणात असा आशय आहे की ही ठेव आकाश, पृथ्वी आणि पर्वत यांना देऊ केली असता ती पेलण्याच्या भयाने त्यांनी नाकारली, आणि माणसाने मात्र ती उचलली. त्याच ठिकाणी माणसाला अन्यायी आणि अज्ञानी म्हटले आहे. पर्वताने जे ओझे नाकारले, ते अज्ञानी माणसाने घेतले, याचा अर्थ अज्ञान दूर करण्याची जबाबदारीही त्या ठेवीतच आली, असा घेतला, तर उमास्वातींचा प्रमाद आणि कुराणातले अज्ञान एकमेकांच्या जवळ येतात. टाकीतला मासा ही मालमत्ता नव्हे, ती अनामत आहे. मालमत्तेचा मनाला येईल तसा वापर करता येतो, परंतु अनामत जशी घेतली, तशी सांभाळून सोपवावी लागते.

कतारमधील परदेशी कुटुंबाला या शब्दाचा अर्थ स्वतःच्या जगण्यावरूनही उमगू शकतो. त्याचे तेथील वास्तव्य परवान्यावर अवलंबून असते, पाणी यंत्रातून येते, उन्हाळ्यातली हवा यंत्राने थंड केलेली असते, आणि बाहेरची ४५ अंशांची उष्णता ज्या वीजप्रवाहाने रोखून धरलेली असते, त्याच प्रवाहावर टाकीतला फिल्टरही चालतो. काचेच्या दोन्ही बाजूंचे जीव एकाच आधारावर तगून आहेत. फरक एवढाच की एका बाजूच्या जिवाला हे कळते आणि दुसऱ्या बाजूच्या जिवाला ते कळत नाही, आणि ज्याला कळते, त्याच्यावर कर्तव्य येते.

म्हणून सापेक्ष बंधाची कसोटी येथे अगदी साध्या प्रश्नांच्या रूपाने लावता येते. शाळांना सुट्टी लागून कुटुंब दीड-दोन महिन्यांसाठी गावी जाईल, तेव्हा टाकीची किल्ली कोणाकडे असेल आणि पाणी आधी निववावे लागते, हे त्या शेजाऱ्याला सांगितलेले असेल काय? वीज गेली, तर बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात आहे काय? नोकरी संपून कायमचे परतायचे ठरले, तर हा मासा कोणाच्या हाती सोपवायचा, याचा विचार तो विकत घेण्याआधी झाला आहे काय? जळत्या गोठ्याचा विचार करून सैल गाठ देणाऱ्या श्रावकाने दोर हातात घेण्यापूर्वी हाच विचार केला होता. या प्रश्नांची उत्तरे ज्या घरात आधी तयार असतात, त्या घरात मासा पाळणे हा अधर्म ठरत नाही. आणि जेथे ती तयार नसतात, तेथे मुलाला काचेपुढून हात धरून परत नेणे आणि ते का, हे वाटेत त्याला समजावून सांगणे, हेच त्या माशाचे पहिले आणि पुरेसे पालन होय.